राहिला ते कबूल, गुन्हा नाकबूल

अंबाजोगाईच्या कोर्टात पुकारा करणाऱ्या शिपायाचा आवाज खणखणीत आहे. "रझिया बेगम... हाजीर" अशी त्यानं पहिली हाक दिली तेव्हा मी व्हरांड्यात फोन कानाला लावून उभा होतो. पलीकडून आपांच्या घरी राहणारा सालेह काहीतरी सांगत होता, अर्धं हिंदीत, अर्धं अरबीत, आणि मला त्यातलं एवढंच कळत होतं की पोरगा रडतोय. दुसरी हाक झाली. रझिया आपा तारखेला कधी उशिरा आल्या नाहीत, वकील म्हणून नाही आणि आरोपी म्हणूनही नाही. तिसऱ्या हाकेला सालेहच्या हातून कुणीतरी फोन घेतला. आपांच्या शेजारच्या बाई होत्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, आपा गेल्या. फजरची नमाज पढून आडव्या झाल्या त्या उठल्याच न्हाईत."

मी आत गेलो. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपी कुठे आहेत? कोर्टात जन्म गेला माझा, खऱ्याचं खोटं आणि खोट्याचं खरं करताना जीभ कधी अडखळली नाही, पण त्या दिवशी चार शब्द बाहेर पडेनात. "आरोपी मयत झाल्या, साहेब." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मृत्यूचा दाखला हजर करण्यासाठी पुढची तारीख दिली. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि खोटं कशाला सांगू, रडता रडता हसलो. मरतानासुद्धा बाईनं एक तारीख पदरात पाडून घेतलीच. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते सांगायलाच हा लेख लिहितोय.

शोकसभा झाली. वकिलांच्या शोकसभेत जे बोलतात ते सगळं बोलून झालं. त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली आहे, असं एकजण म्हणाला. हा तोच गृहस्थ, जो आपांना बघून "आल्या निर्वासितांच्या मावशी" म्हणून चहाच्या टपरीवर टाळ्या घ्यायचा. पोकळी बिकळी काही झालेली नाही. आपांनी आपल्या मागं पोकळी ठेवली नाही, काम ठेवलंय, आणि ते कुणाच्या तरी गळ्यात पडणार म्हणून ही मंडळी मान खाली घालून दोन मिनिटं उभी राहिली. मला राग आलाय आणि तो मी झाकणार नाही. आपांनीही कधी झाकला नव्हता.

रझिया आपांचे अब्बा मोटार मेकॅनिक. बसस्टँडमागं त्यांचं गॅरेज होतं, आणि ऑइलच्या वासात अभ्यास करून ही मुलगी वकील झाली. मी नांदूरघाटच्या बाजूचा, ऊसतोड्याचा पोरगा. दिवाळी झाली की आमच्या आळीतल्या घरांना कुलपं लागायची आणि माझे आई-बाप कोयते घेऊन कारखान्याच्या वाटेला लागायचे. कायद्याची पदवी घेऊन अंबाजोगाईत आलो तेव्हा काळा कोटसुद्धा मागून आणलेला होता. मला जवळ कोण करणार? आपांनी केलं. त्यांच्या ऑफिसात पहिल्यांदा गेलो तो दिवस उन्हाचा होता. मी दारातच नाव, गाव, कॉलेज, गुण असं सगळं एका दमात सांगायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं. टेबलावर पितळी डबा होता, त्यातला गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि माझं पाणी पिऊन होईस्तोवर दुसरीच फाईल चाळत बसल्या. मग म्हणाल्या, "हां, आता बोल. कावून एवढी घाई?"

ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकासाठी हाच क्रम. आधी गूळ-पाणी, मग काम, मग गाव आणि सगळ्यात शेवटी नाव. कुणाचंही नाव त्या आधी विचारत नसत. मला वाटायचं, बाईंची लकब आहे. पुढं एकदा लिंबागणेशकडून परत येताना त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला लावायला लावली. शेताच्या टोकाला एक वस्ती होती, चार पत्र्याची घरं, एक लिंबाचं झाड. म्हणाल्या, "माझे अब्बा हितं वाचले." निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत त्यांची आजी कडेवर पोर घेऊन गाव सोडून पळाली होती. ते कडेवरचं पोर म्हणजे अब्बा. दिवसभर ज्वारीच्या रानातून चालून ती या वस्तीवर पोचली, तेव्हा दारातल्या म्हातारीनं आधी गूळ-पाणी दिलं. आजी पाणी प्यायली आणि आपलं नाव सांगायला लागली. म्हातारीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "नाव नगं सांगू, बाई. उद्या कुणी इचारायला आलं तर मला खोटं बोलता येत न्हाई. ठावंच नसलं म्हंजी झालं."

"कायद्याच्या कॉलेजात शिकले ते सगळं नंतरचं," आपा म्हणाल्या. "माझा पहिला कायदा त्या म्हातारीनं केलेला हाय."

आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. जीव वाचवून पळून आलेला माणूस आणि मुदत संपूनही रेंगाळलेला हौशी प्रवासी, दोघांना एकाच तराजूत तोलतात. कुणाला ठेवायचं, कुणाला हाकलायचं, हे त्या त्या वेळच्या साहेबाच्या मर्जीवर. आपांना हे सहन होत नसे. बीडसारख्या जिल्ह्यात निर्वासित येऊन येऊन येणार किती, असं लोक म्हणायचे. त्या उलट विचारायच्या, एकच आला तर त्याला अर्धाच न्याय द्यायचा का? अशा प्रकरणांसाठी त्या नांदेडला जायच्या, संभाजीनगरला जायच्या, एसटीनं, गुडघे दुखत असताना. मग एकदा नेपाळात शेजारच्या देशांतल्या वकिलांची बैठक भरली. आश्रयाला आलेल्या माणसाला या सगळ्या देशांनी किमान कसं वागवावं, याचा एकच मसुदा करायचा होता. आपांना बोलावणं आलं. मी बॅगा उचलायला म्हणून बरोबर गेलो, स्वखर्चानं, कारण विमानात बसायची हौस होती.

तिथं सगळा इंग्रजीचा कारभार. मसुदा वाचून दाखवला गेला. कलमावर कलम, पोटकलमावर पोटकलम, माना डोलत होत्या. आपांनी हात वर केला आणि त्यांच्या बीडकडच्या उर्दूत बोलायला लागल्या. त्या म्हणाल्या ते मराठीत असं, "तुमचा माणूस पहिल्या कलमात सरहद्दीवर पोचतो. त्याला पाणी मिळतं शेवटच्या पानावर. तवर तो जिता राहतो का, ते कोणत्या कलमात हाय?" ढाक्याच्या एक वयस्क वकीलबाई हसायला लागल्या आणि त्यांनी टेबलावर हात आपटला. दुपारभर वाद झाला. आपांचं म्हणणं साधं होतं. दाराशी आलेल्याला आधी पाणी, अन्न, विसावा द्या. मग त्याच्या स्वतःच्या भाषेत त्याला बोलू द्या. आणि त्याचं पुरतं ऐकून होईपर्यंत त्याला माघारी ढकलू नका. चौकशी करू नका असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. "चौकशी खुशाल करा," म्हणायच्या, "पण आधी माणूस म्हणून बसवा, मग इचारा." संध्याकाळी पाण्याचं कलम शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आलं.

त्या मसुद्याला पुढं एकाही सरकारनं हात लावला नाही. अंबाजोगाईत परत आलो तर टपरीवरचे गृहस्थ तयारच होते. "काय आपा, नेपाळात जाऊन काय दिवे लावले?" आपांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला. "सरकारनं न्हाई लावला हात, तर न्हाई लावला. आपण लावू." आणि खरंच लावला. मराठवाड्यातल्या वकिलांच्या त्या मागं लागल्या. आपल्या जिल्ह्यात असा माणूस आला तर तो वकिलाशिवाय एकटा पडणार नाही आणि त्याची भाषा बोलणारं कुणीतरी फोनवर तरी असेल, एवढं तरी तुम्ही कबूल करा, म्हणायच्या. काहींनी लाजेकाजेस्तव हो म्हटलं, काहींनी मनापासून. एका पोलीस अधिकाऱ्यानं तर परदेशी माणसाच्या चौकशीच्या खोलीत पाण्याचा माठ ठेवून घेतला आणि आपांना मुद्दाम बोलावून दाखवला. त्या दिवशी त्यांनी घरी शिरखुर्मा केला होता. ईद नव्हती काही.

सालेह आला तो यानंतर. येमेनचा पोरगा, संभाजीनगरला शिकायला आलेला. शिक्षण संपलं, व्हिसाची मुदत संपली आणि तिकडं त्याच्या भावाला बंदूकवाले उचलून घेऊन गेले. पुढचा नंबर तुझा आहे, येऊ नकोस, असा घरून निरोप. वर्गातल्या मित्रानं आपांचं नाव सांगितलं म्हणून तो भर दुपारी अंबाजोगाईच्या स्टँडवर उतरला. ऑफिसात आला आणि बसायच्या आधीच पाठपिशवीतली कागदांची फाईल उघडायला लागला. ज्या ज्या दारात तो गेला होता तिथं आधी कागद मागितले गेले होते, त्याला तेच वळण लागलेलं. आपांनी फाईल मिटवली आणि त्याच्या तळहातावर गूळ ठेवला. तो गूळ हातात धरून बघतच राहिला. "पहले काग़ज़ नहीं?" त्यानं विचारलं. "पहले पानी," आपा म्हणाल्या.

तो त्यांच्याकडेच राहिला. वरची खोली रिकामी होती. दिल्लीत निर्वासितांची नोंद घेणारं एक कार्यालय आहे, तिथं आपांनी त्याचा अर्ज केला, पण तिथली रांग लांबलचक. आणि इथं आपांच्या हातून ती चूक झाली. परदेशी माणूस घरी ठेवला तर चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं असतं, हे मला माहीत आहे, त्यांना तर पाठ होतं. पण पाहुण्याची वर्दी पोलिसांत द्यायची म्हणजे त्यांना आपल्या अब्बांना त्या वस्तीवरून हुसकून लावल्यासारखं वाटायचं. आज जाऊ, उद्या जाऊ, दिल्लीचं उत्तर आलं की जाऊ, असं करत महिने गेले. शेवटी आम्ही तिघं पोलीस स्टेशनला गेलो. माठ ठेवणारे अधिकारी बदलून गेले होते, नव्या साहेबांनी सालेहकडे संशयानं बघितलं. "हा राहतो कुठं? याची हमी कोण देणार?" झालं. आपांचा पाहुणा आणि त्याच्यावर संशय? त्या तटकन म्हणाल्या, "माझ्या घरी राहतो. रमजानपासून माझ्या हातचं खातोय. पोरगं लाखात एक हाय, जबाबदारी माझी." मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. दुसऱ्यांना "विचारल्याशिवाय तोंड उघडू नका" म्हणून जन्मभर दटावणारी वकीलबाई, पाहुण्याची बाजू घेताना स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या तोंडानं देऊन बसली.

गुन्हा नोंदला. सालेहला देश सोडून जाण्याची नोटीस निघाली. आपांचा वकील मीच. पहिल्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? आपा पिंजऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरगा माझ्या घरी राहिला ते कबूल. गुन्हा नाकबूल." न्यायाधीश तरुण, सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, दोन्हीतलं एकच लिहिता येतं." "मग नाकबूल लिहा, साहेब. पण राहिला हे खोडू नका."

बाहेर आल्यावर सगळे त्यांना समजवायला लागले. दंड होईल किरकोळ, भरा आणि मोकळ्या व्हा. या वयात कशाला कोर्टाची पायरी झिजवताय? मीही तेच म्हणालो. आपा माझ्यावर डाफरल्या. "मी मोकळी होईन बे, अन् त्याचं काय?" बाईमाणसाच्या तोंडी 'बे' तसं येत नाही, पण आपा चिडल्या की यायचं. मग मला टपरीमागं घेऊन गेल्या आणि सगळा डाव सांगितला. त्यांनी गुन्हा कबूल केला की खटला संपला. खटला संपला की नोटिशीप्रमाणे सालेहची रवानगी. पण खटला चालू आहे तोवर तो आपांच्या बचावाचा एकमेव साक्षीदार. साक्षीदाराला देशाबाहेर पाठवलं तर आरोपीनं बचाव करायचा कसा? "साक्ष होईस्तोवर त्याला हलवू नये असा अर्ज टाक," म्हणाल्या, "अन् मग साक्ष होऊ देऊ नको."

अर्ज मंजूर झाला. तेव्हापासून आम्ही तारखा मागत राहिलो. तारीख मागणाऱ्या वकिलांना ज्या बाईनं उभं-आडवं झोडपलं, तीच आता माझ्या कानाशी लागून कुजबुजायची, "माग, माग." मला कसंसंच व्हायचं. एकदा तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "दत्तू, बांधाच्या भांडणात लोकांचे आजे-पणजे मरेस्तोवर तू तारखा घेतल्यास. हातभर जमिनीसाठी. एकदा माणसासाठी घे की." घेतल्या. दरम्यान दिल्लीच्या कार्यालयात सालेहची मुलाखत झाली, पण निकाल येईना. आपांची मूत्रपिंडं हळूहळू थकत चालली. डायलिसिसहून थेट कोर्टात यायच्या, हाताला पट्टी बांधलेली, आणि पिंजऱ्यात खुर्ची दिली तर नको म्हणायच्या. "आरोपी हाय मी. पाहुणी थोडीच हाय?"

शेवटची भेट पुकाऱ्याच्या आदल्या दिवशीची. पलंगावर पडून होत्या, चेहरा सुजलेला. सालेह उंबऱ्यात बसून बत्त्यानं गुळाची ढेप फोडत होता आणि खडे डब्यात भरत होता. मी बसलो, त्यानं माझ्या हातावर गूळ ठेवला, पाणी दिलं. पाणी पिऊन होईपर्यंत आपा डोळे मिटून होत्या. मग म्हणाल्या, "उद्या काय मागायचं ते ठावं हाय न्हवं?"

"तारीख," मी म्हणालो.

"हां." एवढंच. मला वाटलं, झोप लागली त्यांना, म्हणून मी हळूच उठलो...

दफनाला मी मूठमाती दिली. त्यांचे भाऊ हैदराबादहून आले होते. भला माणूस, बहिणीवर जीव होता, पण सालेहबद्दल बोलायला धजावेना. घराला कुलूप लावणं भाग होतं. कुलूप लागायच्या आधी सालेहनं आपली पाठपिशवी घेतली आणि आणखी एकच वस्तू उचलली, तो पितळी डबा. डबा छातीशी धरून तो रस्त्यावर उभा राहिला. कुलूप लागलेलं दार आणि दाराबाहेर सामान घेऊन उभा माणूस, हे चित्र मी लहानपणी लई बघितलंय. मी त्याला स्कूटरवर बसवून घरी आणलं. वाटेत विचार करत होतो की बायकोला काय सांगू. मंगलनं दार उघडलं, त्याच्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. मी म्हणालो, "याचा अर्थ काय होतो ते तुला कळतंय ना?" ती म्हणाली, "आपांनी कुणाला विचारलं होतं का? सरका, आत येऊ द्या त्याला."

तारीख आली. मी मृत्यूचा दाखला हजर केला. आरोपी मयत, खटला बंद. कायद्यानं तसंच व्हायला पाहिजे, माझी तक्रार नाही. पण आपांनी एवढी वर्षं हातांनी धरून ठेवलेलं छप्पर त्या एका ओळीनं उडालं. राहिला ते कबूल, गुन्हा नाकबूल... याचा निकाल कुठल्याही कोर्टानं दिला नाही. आता सालेह कुणाचा साक्षीदार नव्हता. सकाळी गाडी आली असती तर संध्याकाळी त्याला विमानतळावर नेता आलं असतं.

म्हणून कोर्टातून मी घरी गेलो नाही, पोलीस स्टेशनला गेलो. अर्ज सोबत होता. माझ्या घरी परदेशी पाहुणा राहतो. चोवीस तास केव्हाच उलटलेत. मी कळवलं नाही ते विसरून नाही, जाणूनबुजून. माझ्यावर गुन्हा नोंदवा. या खटल्यात माझ्या बचावाचा तोच एक साक्षीदार आहे, त्याला हलवू नये. ठाणे अंमलदार ओळखीचा. त्यानं अर्ज दोनदा वाचला. "वकीलसाहेब, चांगलं चाललंय की तुमचं. कावून डोक्याला ताप करून घेताव? सनद जाईल." जाईल कदाचित. वकिलीची सनद परत मिळवता येते, त्या वस्तीवरच्या म्हातारीकडं तर तीही नव्हती. आणि एवढ्या तारखा घेऊन जे शिकलो ते कुठं वापरू? बांधाच्या भांडणात?

टपरीवरचे गृहस्थ आता माझ्याबद्दल बोलतात असं ऐकतो. बोलू द्या. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवील, मला पिंजऱ्यात उभं राहून काय म्हणायचंय ते ठरलेलं आहे. शब्द माझे नाहीत, पण आपांनी त्यावर हक्क सांगितला नसता.

परवा दुपारी चौकशीला एक हवालदार आला. ऊन कडक होतं, डोक्यावरची टोपी काढून तो घाम पुसत दारात उभा राहिला आणि वही उघडून म्हणाला, "परदेशी इसमाचं नाव सांगा." आतून सालेह आला. त्यानं पितळी डबा उघडला आणि हवालदाराच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. मागोमाग मंगलनं तांब्या आणला. हवालदार घोटाळला, वही काखेत मारली, गूळ तोंडात टाकला आणि उभ्यानंच घटाघटा पाणी प्यायला. आम्ही तिघं थांबलो. त्यानं तांब्या खाली ठेवला, मिशा पुसल्या.

मी खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणालो, "हां, बसा. आता विचारा."